करडू आन् मोबाईल

मी करडू धरलं हुतं आन् बायकोनं मोबाईल. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्या करडाची आता शेळी झालीय. तिच्या अंगाचा वास आला की ती संध्याकाळ आठवती.

पोरगा-सून दोघं पुण्यात कंपनीत, म्हणून नात तीन वर्षं पारनेरला आमच्यापाशी वाढली. मग शाळेसाठी नेली. सून वाईट न्हाई, घाबरलेली हाय. म्हणाली, “आई, फोनवर तिच्याशी शुद्ध बोला. आम्ही दोघं मरमर करतो ते तिच्या शाळेसाठीच. मुलाखतीत गावाकडचं बोलली तर घेणार नाहीत.”

बायकोला दुसरं बोलताच येत न्हवतं. मग फोन आला की ती तोंडाला पदर लावून नुसतं करडू दाखवायची.

त्या संध्याकाळी नात रडकुंडीला आली. “आजी, बोल ना गं!”

मी म्हणालो, “बोल की खुळे, शाळा काय ऐकतीय व्हय?”

मोबाईल लांब धरून बायको कुजबुजली, “नको. पोरीचं नुकसान व्हईल.”

सकाळी ती उठलीच न्हाई. मला व्हिडिओवालाच फोन लावता येतो, तोच पोराला लावला. सांगितलं. तो रडाय लागला, तसा नातीनं फोन ओढून घेतला.

“आबा, आजी कुठंय?”

मी करडू उचललं आन् मोबाईलपुढं धरलं.