पाटीच्या खांबाला हिरव्या बांगड्या

आमच्या घरासमोर, ताडकळसकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक पाटी आहे. पुढं शाळा आहे, गाडी हळू चालवा, असं सांगणारी. वर तिकोनी पत्रा, त्यावर काळ्या रंगात पळणारी दोन पोरं: एक पोरगी आणि तिच्या हाताला धरलेलं लहान पोरगं. खाली गोल पत्रा, लाल कड आणि मधे पंचवीसचा आकडा. परभणीत अशा पाट्या बऱ्याच आहेत, आणि त्या वाचून गाडी हळू करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

ही पाटी लागली ती माझ्या धाकट्या जावेची पोरगी गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! पोरगी तिसरीत होती. शाळा रस्त्याच्या पलीकडं, घर अलीकडं. मधल्या सुट्टीत जेवायला घरी यायची. त्या दिवशी टेम्पो आला. त्यानं ब्रेक दाबला नाही, हॉर्न दाबला. लांबलचक हॉर्न. जाऊ आत भाकरी थापत होती, मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. मी वैतागून म्हणालेसुद्धा, मेल्याला कसली एवढी घाई झालीय. ते माझं बोलणं आणि तो हॉर्न अजून एकमेकांना चिकटलेले आहेत, वेगळे करता येत नाहीत.

तेव्हापासून हॉर्न वाजला की जावेचा हात जिथल्या तिथं थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. मग मी उठून ती उलटायचे.

आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात, नव्या बांगड्या भरतात, झोके खेळतात. पाटी लागली त्या साली पंचमीला जावेनं कासारणीकडून लहान मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या. मला वाटलं, घेऊ दे बापडीला, ट्रंकेत ठेवील. ती घरातलं स्टूल उचलून रस्त्यावर गेली, बांगड्या पाटीच्या खांबाला दोऱ्यानं बांधल्या आणि स्टुलावर चढून चित्रातल्या पोरीच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. मी तोंडाची फटकळ, पण तिथं मी पुढं होऊन नुसतं स्टूल धरलं. घरात येऊन ती एवढंच बोलली की लय उन्हात उभी राहते पोरगी.

दरसाल पंचमीला तेच. कासारणीनं माप विचारायचंसुद्धा सोडून दिलं. तिला ठाऊक झालं होतं की हे माप वाढत नाही.

आता खांबाला बांगड्या आणि पत्र्यावर कुंकू दिसलं की आपल्या लोकांना आणखी काही सांगावं लागतं का? आधी कुणीतरी नारळ फोडला. मग शेंदूर आला, मग लाल चुनरी आली. नवसाला पावते, असं बाजारात बोललं जायला लागलं. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर खांबापाशी थांबून अगरबत्ती लावायचे आणि पुढं जायचे. चुनऱ्यांवर चुनऱ्या चढल्या, त्यांच्याखाली पंचवीसचा आकडा झाकून गेला. आणि रस्त्यावरच्या देवाला गाडीवाले जसा नमस्कार करतात तसाच इथंही करायला लागले: एक हात कपाळाला, आणि हॉर्न. वेग होता तोच.

म्हणजे बघा, ज्या आवाजानं तिची पोरगी नेली तोच आवाज दिवसभर तिच्या पोरीला नमस्कार करायला लागला. जाऊ ते ऐकून घ्यायची. पाटी होती तशी राहावी एवढंच तिला पाहिजे होतं, कारण तिची पोरगी तिथं होती. खरं सांगते, मलाही ती तिथं दिसायला लागली होती. दिवेलागणीला गाडीचा उजेड पत्र्यावर पडला की ती दोघं पळायला लागायची. मला भ्या वाटायचं. मी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे आणि जाऊ पुन्हा ती उघडायची.

मग माझी नात त्याच शाळेत जायला लागली.

गेल्या सालच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. शाळा सुटली होती. मी आणि जाऊ दोघी नातीला आणायला रस्त्याकडेला उभ्या होतो, ती पलीकडून येत होती. एक दूधवाला फटफटीवर किटल्या लटकवून भरधाव आला. हॉर्न दिला, हँडलवरचा हात काढून कपाळाला लावला, आणि गाडी घसरली. किटल्या लोळल्या, दूध रस्ताभर झालं. माझी नात कडेला पडली होती. गुडघा फुटलेला, एक चप्पल चाकाखाली. बाकी काही नाही. मी तिला उचलून कडेवर घेतलं.

दूधवाला उठला, कपडे झटकले आणि पाटीला हात जोडून म्हणाला, "पाया पडायलो व्हतो, मावशी. देवीनंच वाचवलं बगा लेकराला."

जाऊ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं तिचा आवाज रस्त्यावर कुणी ऐकला नव्हता.

"ती देवी न्हाई," ती म्हणाली. "माझी लेक हाय ती. तिच्या पाया पडू नका. गाडी हळू चालवा."

तो माणूस खाली बघत किटल्या गोळा करायला लागला. जाऊ घरात गेली, स्टूल, फडकं आणि बाटलीत थोडं पेट्रोल घेऊन आली. चुनऱ्या एकेक करून सोडल्या. शेजारची म्हातारी कोप होईल म्हणून आडवी आली, तिला मी माझ्या भाषेत बाजूला केलं. तेलात कालवलेला शेंदूर निघता निघत नव्हता. जाऊ घासत राहिली. खालचा पंचवीस लखलखीत निघाला. वरचा पत्रा ती अगदी हलक्या हातानं पुसत होती, झोपेतल्या लेकराचं तोंड पुसावं तसं. पण शेंदराबरोबर रंगही सुटला. धाकट्या पोराचं चित्र राहिलं, हात वर करून पळणारं. पोरगी फडक्यावर आली.

जाऊ स्टुलावरून उतरली. काळं झालेलं फडकं तिनं छातीशी धरलं होतं. "आक्का," ती म्हणाली, "आता ती कुठं उभी राहील?"

मी नुसता तिचा हात धरला आणि आम्ही तिघी घरी आलो.

पंचमीला कासारीण आली. जावेनं बांगड्या घेतल्या, नेहमीच्याच मापाच्या, आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत बसली. मग तिनं माझ्या नातीला जवळ बोलावलं आणि तिच्या हातात त्या भरल्या. बरोबर बसल्या. जाऊ तो हात सोडायलाच तयार नव्हती.

यंदाही कासारीण आली. न विचारता तिनं तेच माप काढलं. नातीच्या हातात ते जाईना. जाऊ बांगड्या ओंजळीत घेऊन बसली. बाहेर कुणीतरी सवयीनं हॉर्न वाजवून गेलं. तो आवाज पार विरेपर्यंत ती थांबली, आणि मग कासारणीला म्हणाली, "एक माप मोठं द्या."