चौकशीकाकूंचं परतीचं तिकीट

चौकशीकाकू देवळात गेल्या तरी हातावर पडलेला प्रसाद लगेच तोंडात टाकायच्या नाहीत. आधी पुजाऱ्याला विचारायच्या, "केला कुनी? तूप घरचं का इकतचं?" मेडिकलमधून गोळ्या घेतल्या की तेच पाकीट दुसऱ्या मेडिकलवाल्याला दाखवून यायच्या. नेवाशात त्यांच्या घराला लागूनच माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मी काही सांगितलं की काकू मान डोलवायच्या आणि बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानात जाऊन तेच पुन्हा विचारायच्या. माझं डोकं फिरायचं. मी चिडले की शांतपणे म्हणायच्या, "तुझ्यावर इश्वास हाय गं बाई. पन इश्वास येगळा आन् खात्री येगळी."

हे नाव त्यांना पडलं ते लग्नांमुळे. गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की काकूंना चौकशीला धाडायचं, हे ठरलेलं. मला श्रीरामपूरचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळे हरखून गेले होते. मुलगा शिकलेला, घर मोठं, काही मागणं नाही. "काई मागत न्हाईत? मग तर बघायलाच पायजे," म्हणून काकू एसटीनं गेल्या, त्या घराच्या ओट्यावर बसून पाणी मागून प्यायल्या आणि संध्याकाळी परत आल्या. वडिलांना म्हणाल्या, "पोरगं बरं हाय. पन थोरल्या सुनंची चप्पल दारात बघितली म्या. लग्नातली चप्पल, अजून कोरी करकरीत. ती पोरगी उंबरा वलांडत न्हाई." आईला ते पटलं नाही, पण वडिलांना पटलं. ते लग्न झालं असतं तर आज हे दुकान नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आणि अशा बाईच्या एकुलत्या एका मुलीनं, सुमीनं, नागपूरला नोकरी करता करता तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि मग फोन करून कळवलं. काकूंनी एवढंच विचारलं, "घरात कोन कोन असतं?" आणि फोन ठेवला. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पण नागपूरला कधी गेल्याही नाहीत. दिवाळीला फोनवर बोलायच्या, तेही जावई घरात नाही ना हे विचारून. आम्ही कुणी विषय काढला की म्हणायच्या, "ज्याची काईच म्हाईती न्हाई, त्याच्या घरी जाऊन बसू कुटं?"

मग सुमीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं, झोपून राहायला सांगितलं. सुमी फोनवर नुसतं "आई, तू ये ना" म्हणाली. काकू म्हणाल्या, "बघते." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर जावयानं काकूंच्या नावाचं तिकीट काढून पाठवलं. नगर ते नागपूर, वंदे भारत. सकाळी नगरला बसायचं आणि दिवस मावळता नागपूरला उतरायचं.

मी तिकिटाची प्रत काढून काकूंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, आणि जी सुरुवात झाली!

"नागपूरला बोलावतो आन् तिकीट अजनीचं काढतो? बघ बघ, अजनी लिव्हलंय!"

"अहो, अजनी नागपुरातच आहे, काकू."

"आन् माझं वय कसं म्हाईत त्याला?"

"सुमीनं सांगितलं असेल."

"जेवान बी सांगितलंय हितं. शाकाहारी. म्हंजे मी काय खाते, काय न्हाई, समदं इचारून ठेवलंय. आन् खिडकी कशापायी दिली? मी भाईर बघत बसावं, सामानाकडं ध्यान राहू नये!"

बाई गं! मी हात जोडले. संध्याकाळपर्यंत त्या बाजारात संत्री विकायला आलेल्या एका नागपूरकडच्या माणसाला गाठून अजनीची खात्री करून आल्या होत्या. तिकीट पक्कं आहे का हे माझ्याकडे रोज बघायच्या आणि माझ्यानंतर पलीकडच्या दुकानातही.

पण खरी अडचण वेगळीच होती. दोन दिवसांनी त्या पुन्हा तिकीट घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे नुसतं जायचं हाय. यायचं का न्हाई काढलं त्यानं?"

"तुम्ही राहावं म्हणून असेल."

"का मग यायचं तुमचं तुमी बघा, म्हनून?"

त्यांनी माझ्यासमोर बसून परतीचं तिकीट काढायला लावलं. पोचल्यावर मधला एक दिवस सोडून लगेचचं. मी म्हटलं, "काकू, लेकीचे दिवस भरत आलेत. तीन दिवसांत काय परत येता?" तर म्हणाल्या, "परतीचं तिकीट पिशवीत असलं की मानूस दुसऱ्याच्या घरात ताठ बसतो." मला त्यांचा राग आला, आणि वाईटही वाटलं. ज्या लेकीसाठी जीव तुटत होता, तिच्याच घरात ताठ बसायची तयारी चालली होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दुकान बंद करायला लावून पहाटेच्या एसटीनं नगरला नेलं. कशाला? तर गाडी बघायला! स्थळ बघावं तशी त्यांनी त्या गाडीची चौकशी मांडली. हमालाला विचारलं, वेळेवर येते का. झाडूवालीला विचारलं, संडास स्वच्छ असतात का. दारं आपोआप लागतात हे कळल्यावर एका रेल्वेवाल्याला धरलं, "आन् मदी पाय आला तर?" गाडी आली, पांढरीशुभ्र, थांबली, दारं सरकली, माणसं चढली-उतरली, दारं लागली, गेलीसुद्धा. काकू लुगड्याचा पदर तोंडाला लावून एकटक बघत होत्या. शेजारचा चहावाला हसत म्हणाला, "काकू, गाडी बघायला आलात का जावई?"

मी खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. परतीच्या एसटीत नेवासा येईपर्यंत त्या तिकिटाची घडी उघडत-मिटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना बसवून दिलं. पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कारण गाडीतल्या जेवणाचं काय सांगावं! घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि कुलूप दोनदा ओढून बघायला सांगितलं. गाडीचं दार लागल्यावर खिडकीतून त्यांचा चेहरा दिसला. एवढी खमकी बाई, पण तोंड अगदी लहान झालं होतं.

परत यायच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. मी दुकानात होते. काकू कुजबुजत बोलत होत्या.

"अगं, सुमीचा डोळा लागला म्हनून गल्लीत चौकशी करून आले. इस्त्रीवाल्याकडं गेले, तर तोंड उघडायच्या आतच तो म्हनतो, तुमी नगरच्या आई का? जावयानं समद्यांना आधीच सांगून ठेवलंय बघ. माझ्या सासूबाई येतील, माझ्याबद्दल इचारतील, जे खरं असंल ते सांगा म्हनून."

"शिकवून ठेवलं असेल हो सगळ्यांना!" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांच्या शेजाराचा गुण, दुसरं काय.

"मला बी तेच वाटलं. पन इस्त्रीवाला म्हनला, मानूस चांगला हाय, घाई असली की मातर माझ्यावर वरडतो. आता शिकवलेला मानूस 'वरडतो' असं सांगंल का?"

मग त्यांचा आवाज बदलला.

"दारात सुमीची चप्पल बघितली गं. टाचंला पार झिजलीय. लई फिरलीय माझी पोरगी." आणि नाक ओढून म्हणाल्या, "ते परतीचं तिकीट मोडून टाक."

मी फोनवरच तिकीट उघडलं, रद्द करायला गेले, तर पडद्यावर प्रश्न आला, नक्की रद्द करायचं का. मी म्हटलं, "काकू, हे विचारतंय. खात्री आहे ना?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उलटा प्रश्न केला नाही.

"हाय," म्हणाल्या.

मी बटण दाबलं आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना ढसाढसा रडले. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, आणि रोज दुकान बंद करताना मी त्यांचं कुलूप दोनदा ओढून बघते.