हिरव्या चामड्याचा अर्धा तुकडा

ती दोन माणसांची, बिनटपाची जुनी विलायती गाडी आठवली की आजही माझे कान गरम होतात. गुन्हा मी उघडकीस आणला, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण त्या तपासातले पहिले तीन दिवस मला आजही पचलेले नाहीत. नोकरीत मी बरेच गुन्हे उलगडले आणि त्याचा मला अभिमान आहे, म्हणून ही चूकही लपवत नाही.

तेव्हा मी हडपसर भागात फौजदार होतो. एका सकाळी नारायण पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका फिर्याद द्यायला आल्या. त्यांच्या दिवंगत यजमानांची ही गाडी. यजमानांनी शेवटची काही वर्षं ती मुळात जशी होती तशी करण्यात घालवली होती. बाहेरच्या सायीच्या रंगाबद्दल वाद नव्हता. खोळंबा होता तो आतल्या सीटच्या रंगाचा. वरचं चामडं उन्हानं तपकिरी पडलेलं, त्यामुळे सगळे म्हणत, मूळ रंग तपकिरीच. यजमानांना ते पटत नव्हतं, पण उत्तर मिळायच्या आत ते गेले. बाईंनी काम पुढे चालू ठेवलं आणि गाडी हडपसरच्या एका कुशनवाल्यांच्या शेडमध्ये नेऊन दिली. काम पूर्ण झाल्यावर गाडी पंधरा दिवस बंद शेडमध्ये होती; शेड उघडली तेव्हा ती गायब झाली होती.

फिर्याद लिहून झाल्यावर बाईंनी पर्समधून हिरव्या चामड्याचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हा ठेवून घ्या. उपयोगी पडेल."

मी म्हणालो, "बाई, मला गाडी शोधायची आहे, कापड नाही."

"हे कापड नाही, चामडं आहे," त्या म्हणाल्या आणि तुकडा परत पर्समध्ये ठेवून निघून गेल्या.

शेडचा पंचनामा केला. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ली एकच आणि ती कुशनवाल्यांच्या कमरेला. साठीचे गृहस्थ, तीन पिढ्या पुण्यात याच धंद्यात; सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. मला वाटलं, तपास इथेच संपला.

सलग तीन दिवस मी चाचांना सकाळी ठाण्यावर बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. हात लावला नाही, पण गल्लीला एवढंही पुरे होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत चार गिऱ्हाइकांनी आपापलं सामान त्यांच्या दुकानातून उचलून नेलं. चाचांच्या बाबतीत गाडीचा प्रश्न मागेच पडला होता, त्यांचं नाव धुळीला मिळत होतं. हे मला ठाणे अंमलदारानं सांगितलं, तेव्हा मी "बघू" एवढंच म्हणालो.

चौकशीत मी विचारायचो किल्लीचं आणि चाचा बोलायचे रंगाचं.

"किल्ली कुणाकुणाला दिली?"

"कुणालाच नाही, साहेब. पण गाडी कुठंही असू द्या, मी ओळखीन. तिचा मूळ रंग हिरवा. सीटच्या खाली, घडीच्या आत सापडला. जिथं ना ऊन पोचतं, ना बसणाऱ्याचं बूड, तिथं खरा रंग राहतो. आणि आमच्या घरची रीत आहे, जुन्या चामड्याचा एक तुकडा..."

"चाचा, मी काय विचारतोय आणि तुम्ही काय सांगताय!"

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, "साहेब, हे रंगाचं लिहू का?" मी म्हणालो, "नको. उगाच जबाब लांबतो."

चौथ्या दिवशी बाई पुन्हा ठाण्यावर आल्या. "त्यांना रोज बसवून ठेवताय म्हणे. गाडी त्यांच्या खिशातून पडेल असं वाटतंय का आपल्याला?" साऱ्या ठाण्यानं ऐकलं. मी फाईल चाळल्याचं नाटक केलं.

त्याच दुपारी माझ्या खबऱ्यानं बातमी आणली. मांजरीत उसाच्या फडाला लागून एका बागायतदाराची पत्र्याची शेड आहे, आत ताडपत्रीखाली बुटकी गाडी आहे आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उतरवायची म्हणून मालक रोज पुसतोय.

मी दोन पंच घेतले आणि ओळख पटवायला चाचांनाही जीपमध्ये घेतलं. ताडपत्री काढली तर आत लालभडक गाडी, तपकिरी सीट. कागदपत्रं परराज्यातली, त्यांतला नंबर गाडीच्या नंबरपट्टीशी जुळत होता. जमिनी विकून नुकताच बिल्डर झालेला तो बागायतदार छाती काढून उभा होता.

"सायेब, तुमी म्हंता ती गाडी सायीच्या रंगाची, ही लाल हाय. सीटा बी कंपनीच्याच रंगाच्या हायेत. डोळं तपासून घ्या की!"

खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला होता. चाचांनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या आतल्या अंगावर नखानं टकटक केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, आता सांगू का?"

मी मान डोलावली.

"आमच्या वाडवडिलांची रीत आहे. नवीन कुशन चढवायच्या आधी जुन्या, खऱ्या रंगाच्या चामड्याचा तुकडा घ्यायचा, कात्रीनं वेडावाकडा कापून दोन करायचे. एक मालकाला द्यायचा. दुसरा दाराच्या आतल्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटवून टाकायचा. पन्नास वर्षांनी कुणी गाडी उघडली, तर त्याला मूळ रंग कळावा. ह्यांनी वरचं चामडं बदललंय, पुठ्ठा माझाच आहे."

पंचांसमोर दाराचे स्क्रू काढले. चाचांनी सुरीनं दोन पुठ्ठे हलकेच विलग केले. मध्ये तळहाताएवढा हिरवा तुकडा होता.

जीप पाठवून बाईंना आणलं. त्यांनी पर्स उघडली, तोच तुकडा काढला आणि दारातल्या तुकड्याला लावला. कात्रीचं प्रत्येक वळण बसलं. बाई गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "ह्यांचं बरोबर होतं. तपकिरी नव्हे, हिरवाच."

मग बिल्डरनं गाडी कुठून आली ते सांगितलं. गाडी त्याला आणून दिली होती जुने सुटे भाग पुरवणाऱ्या एका दलालानं. हा दलाल चाचांच्या शेडमध्ये चहाला बसायचा आणि तिथेच त्यानं साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतला होता. कागद आणि नंबरपट्टी मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीची होती. लाल रंगाला तपकिरी सीट शोभेल, हे दलालानंच ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत दलाल कोठडीत होता आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात.

मला शाबासकी मिळाली, पण झोप लागेना. पहिल्या दिवशी अर्धा तुकडा माझ्या टेबलावर होता आणि दुसऱ्या अर्ध्याचा पत्ता एक माणूस तीन दिवस मला सांगू पाहत होता. मी फक्त माझ्या प्रश्नांची उत्तरं ऐकत होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी विचारत राहिलो, "मी न विचारलेलं काही सांगायचंय का?" त्या एका प्रश्नानं पुढे मला कितीतरी गुन्हे उलगडून दिले.

चाचांचा जबाब मात्र नव्यानं घ्यायचा राहिला होता. ठाण्यावर बोलावणं सोपं होतं. मी गणवेश चढवला, भरबाजाराच्या वेळी चालत त्यांच्या गल्लीत गेलो आणि सगळ्यांच्या देखत दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणालो, "चाचा, माझं चुकलं. जबाब पुन्हा लिहायचाय."

त्यांनी सुई खाली ठेवली. गल्ली थबकून बघत होती. एक बुटकं स्टूल त्यांनी पायानं माझ्याकडे सरकवलं.

"तीन दिवस मी बसलो, साहेब. आज तुम्ही बसा."

मी बसलो, मांडीवर कागद घेतला आणि विचारलं, "कुठून सुरू करू?"

"रंगापासून," चाचा म्हणाले.

मी लिहिलं.