विज्ञान संपलं का?

शाळेचे किस्से कापसासारखे असतात. वेचणी झाली म्हणून घरी यावं, तर मागे पुन्हा बोंडं फुटलेली! आम्ही वर्गातली मंडळी आजही कुणाच्या लग्नात भेटलो, की मांडवाच्या दारातूनच कुणीतरी ओरडतं, "इतिहास आला का रे?" आणि टक्कल पडलेला एक गृहस्थ हात वर करतो. शेजारचे पाहुणे आमच्याकडे बघतच राहतात. त्यांना समजवायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

तर पहिल्यापासून. तेलुगू मुलखात, तलमडुगुकडच्या एका गावात आमची मराठी शाळा. ऐंशीचं दशक संपत आलेलं. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, दुकानात हिंदी. मराठीतली पुस्तकं यायची ती दिवाळीला, आणि तीही एका विषयाचं एकच. म्हणून बोरकर सरांनी दहावीला विषय वाटून दिले. ज्याच्याकडे पुस्तक, त्यानं तो विषय घरी वाचायचा आणि वर्गाला शिकवायचा. किसनकडे इतिहास, माझ्याकडे मराठी, तुळसाकडे विज्ञान. गणित मात्र सरांनी स्वतःकडे ठेवलं. ते आमच्या हातात द्यायची त्यांची हिंमत झाली नाही!

हळूहळू आमची नावंच मागे पडली. सर हजेरीलासुद्धा "विज्ञान?" असं विचारायचे आणि तुळसा म्हणायची, "हजर!"

*

पुस्तकं यायच्या आधी किसनच्या मावशीनं पैनगंगेपलीकडून इतिहासाचं पुस्तक पाठवलं होतं. तिकडचं राज्य वेगळं, तिकडचा अभ्यास वेगळा, हे सरांच्याही लक्षात आलं नाही. किसननं दिवाळीपर्यंत लढाया, तह, किल्ले सगळं आमच्याकडून घोटून घेतलं. मग आमचं खरं पुस्तक आलं. त्यानं पानं चाळली आणि तोंड पाडून उभा राहिला.

"सर, आपले सारे राजेच बदलले!"

सर म्हणाले, "राजे बदलतच असतात. खाली बस आणि नवे पाठ कर."

*

मला समुद्रावरची कविता शिकवायची होती. समुद्र वर्गात कुणी पाहिलेला नव्हता, सरांनीही नाही. मी घाबरत सांगितलं, "आपलं ज्वारीचं रान वाऱ्यानं हलते ना, तसा. फक्त त्याले बांध नाही."

सरांनी खिडकीतून रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मराठी, तुला पैकीच्या पैकी. पेपरात मात्र समुद्रच लिही."

*

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून हिंदीत विचारलं, "हिस्ट्री किधर है?" त्यांना शिक्षक म्हणायचं होतं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "साब, हिस्ट्री को बुखार आया!"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर फळ्याकडे पाहत होते.

"और साइंस?"

"साइंस कपास चुनने गई, साब!"

आम्ही हसलो. पण ते खरंच होतं. तुळसाच्या मामानं तिला वेचणीला लावलं होतं, आणि वेचणी संपली तरी ती शाळेत आली नाही.

*

तुळसाला आई-बाप नव्हते. ती लहान असताना बाप गेला आणि पाठोपाठ एका उन्हाळ्यात आई हगवणीनं गेली. मामानं तिला वाढवलं. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. तुळसाला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी निदान दहावी व्हायला हवी होती. तेवढंच तिचं मागणं.

सर मामाच्या घरी गेले. मी आणि किसन बरोबर होतो.

"पोट्टीची सोयरीक करून राह्यलो, गुरुजी," मामा म्हणाला. "शाळा बंद."

सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "पोरगी तुमची. पण वर्गाचं विज्ञान तिच्याकडे आहे. तेवढं वर्गाला देऊन जाऊ द्या. बाकीच्या पोरांनी काय करायचं?"

मामा विचारात पडला. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेणारा तो माणूस नव्हता.

"मंग देऊन टाक म्हना लवकर. संपलं की घरी."

दुसऱ्या दिवशी तुळसा वर्गात आली. सर दाराशी उभे राहून एकच वाक्य बोलले.

"विज्ञान परीक्षेच्या आधी कुणाला समजलं, तर याद राखा!"

*

मग सुरू झालं आमचं ढ होणं. दर बाजाराच्या दिवशी मामा खिडकीत यायचा.

"संपलं का विज्ञान?"

"नाई जी मामा, समजूनच नाई राह्यलं!"

एकदा त्याला संशय आला. त्यानं किसनला उभं केलं. "सांग, झाड काय खाते?"

ते सगळं किसनला तोंडपाठ होतं. त्यानं डोकं खाजवलं, वर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "भाकर."

"या पोट्ट्याले तं जलम लागन!" असं म्हणत मामा निघून गेला. सरांनी किसनला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता मिळणार! त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तुळसाला मात्र हसू येत नव्हतं. एका दुपारी ती मला म्हणाली, "काऊन करता व तुमी असं? माझ्यापायी नापास झाले तं?"

"आमाले सारं येते," मी म्हटलं. "तू शिकव."

*

ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी मामा खिडकीत उभा न राहता व्हरांड्यात दाराजवळ टेकला. आत तुळसा रोगांचा धडा शिकवत होती. हगवणीत अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, म्हणून पाणी थांबवायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट देत राहायचं.

"थांब व," मामा बाहेरून म्हणाला. "हगवणीत पानी द्याचं?"

"हो मामा. नाई देलं तं मानूस सुकते."

मामा जमिनीकडे पाहत बोलला, "तुही माय पानी मांगत होती. सारे म्हने, देऊ नका. लोटा म्याच उचलून वर ठेवला."

तुळसानं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"तुमाले कोनी सांगतलं नव्हतं, मामा," ती म्हणाली. "आता आयका, पुढचं सांगतो."

आणि तिनं पुढचं शिकवलं. घंटा होईपर्यंत मामा तिथंच बसून होता. जाताना त्यानं विज्ञान संपलं का, ते विचारलं नाही.

*

परीक्षा तोंडावर आली आणि त्याच आठवड्यात मुलाकडची मंडळी तारीख पक्की करायला आली. तुळसाच्या मदतीला म्हणून मी सकाळपासून त्यांच्या घरी होते. तुळसानं चहा दिला आणि आत येऊन ती चुलीपाशी बसली. चूल केव्हाच विझली होती, तरी फुंकत राहिली.

मुलाच्या वडिलांनी चहा संपवला आणि विषय काढला. "मंग, पोरीची शाळा सरली ना?"

"नाई जी," मामा म्हणाला. "थांबा लागन. तिचं विज्ञान बाकी हाय."

"पन तुमीच तं म्हनलं होतं, वर्गाले शिकवलं की झालं! पोट्ट्याइले समजलं नाई का अजून?"

"पोट्ट्याइले कवाचंच समजलं. मले ठाऊक हाय."

"मंग?"

मामानं कपबशी खाली ठेवली.

"मले नाई समजलं अजून."