तलावभर मासोळ्या मीच खाल्ल्या

आमच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा सगळा गाव मदतीला धावून आला, असं मी सुरुवातीला पाहुण्यांना सांगत असे. धावून आला हे खरं आहे. पण मदतीला नाही, मासोळ्या पकडायला.

आमचं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, बारसं असो की तेरवी, गाद्या, सतरंज्या, खुर्च्या आणि मंडपाचे पडदे आमच्याकडूनच जातात. गाव गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या बाजूचं. वर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत असतात आणि खाली आम्ही धानाच्या बांध्यांमधून मोटरसायकली हाणत असतो. गावाच्या डोक्यावर मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. त्या पावसाळ्यात तो तुडुंब भरला, सांडव्यावरून पाणी सुटलं आणि नाल्यानं जायचं सोडून थेट रस्त्यानं खाली आलं. रस्त्याच्या टोकाला आमचं गोदाम.

नवरा डोक्यावर सोफा घेऊन उभा होता. ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून नुसताच उभा. गाद्या पाणी पिऊन पिऊन म्हशींसारख्या बसल्या होत्या. तेवढ्यात शेजारीण मच्छरदाणी घेऊन आत शिरली. मला वाटलं, आता ही गादीचं एक टोक धरेल आणि मी दुसरं. ती म्हणाली, "वहिनी, तो कोपरा सोडा जरा, तिकडे मोठी हाय!" तिच्यामागून अर्धा गाव आला. मीसुद्धा याच गावची. पायाला कतला मासा घासून गेल्यावर पदर खोचला आणि पकडला. त्या संध्याकाळी घराघरांतून रश्शाचा वास येत होता. आम्हीही जेवलो. रडायचं होतंच, पण उपाशीपोटी कोण रडतं?

पाणी उतरल्यावर विमा कंपनीचा सर्वेअर आला. नागपूरचा, वयस्कर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला. गोदामभर फिरला आणि त्यानं विचारलं, "नदी कहाँ है?"

नदी लांब आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. तिथंच घात झाला. त्याच्या मते पूर म्हणजे नदीचा. आमचं पाणी पावसाचं. गोदामाची जमीन रस्त्यापेक्षा खाली, म्हणून साचलं. साचलेलं पाणी म्हणजे पूर नव्हे. मी म्हटलं, "साहेब, गाद्या सडताना नदीचं पाणी कोणतं नि तलावाचं कोणतं असं विचारून सडत नाहीत." त्यानं मान हलवली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला नदी पाहिजे होती.

"पाणी तलावाचंच होतं," मी म्हटलं. "इथं कतला सापडला. कतल्याचं बीज तलावात मच्छीमार सोसायटी सोडते. पावसातून कतला पडतो का?"

"कहाँ है कतला?"

"खाल्ला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मतलब, सबूत आप खा गए?"

तलाठ्यानं पंचनाम्यात "अतिवृष्टीमुळे पाणी शिरले" असं लिहून ठेवलं होतं. कंपनीनं तेच वाक्य उचललं आणि दावा नाकारला. दिवाळीनंतर लग्नसराई. गाद्या नसतील तर बिछायत केंद्र कसलं? नुसता बोर्ड. नवरा रोज सकाळी उठून त्या बोर्डावरची धूळ पुसायचा. बोलायचा काही नाही.

गोंदियाच्या वकिलानं ग्राहक आयोगात तक्रार लावली आणि सांगितलं, "तलावाचं पाणी आलं, मासोळ्या आल्या, हे सांगणारे लोक आणा." मला वाटलं, हे तर सोपं आहे. गावानं त्या दिवशी मोबाइलवर स्टेटस टाकले होते, हातभर मासोळी घेऊन दात काढलेले. पण मासोळ्या सोसायटीच्या होत्या. सोसायटीचा अध्यक्ष चोर शोधत फिरतोय असं कळल्यावर सगळे स्टेटस गायब झाले. मी घरोघर गेले. जो तो म्हणे, "आमच्या घरी त त्या दिवशी बेसन होता." इतकं बेसन गावातल्या दुकानात वर्षभरात येत नाही. मच्छरदाणीवाल्या शेजारणीनं तर कमाल केली. म्हणाली, "मी त मासोळीले हातच लावत नाही, वहिनी." खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्या गावात कुणालाच खवखवलं नाही.

शेवटी मी अध्यक्षाकडेच गेले. तो ओसरीवर जाळं विणत बसला होता. तलाव सांडव्यावरून वाहिला आणि सोसायटीच्या मासोळ्या रस्त्यानं गेल्या, एवढं लिहून दे म्हटलं.

"देतो ना," तो म्हणाला. "पण कोणी कोणी नेल्या, नावं सांग. मले सभासद खाऊन राहिले."

मी उठून घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो पहिल्यांदा बोलला, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. नावं सांगशील तर गाद्या भरून मिळतील, पण त्यांच्यावर बसणार कोण?" खरंच होतं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे तेच सगळे मासोळीखाऊ. मला त्यांचा संताप आला होता. एकेकाच्या दारात जाऊन शिव्या द्याव्या असं वाटत होतं. त्याऐवजी मी परत अध्यक्षाकडे गेले.

"साऱ्या मासोळ्या आमच्या गोदामात आल्या," मी म्हटलं. "आणि त्या मी खाल्ल्या."

"साऱ्या?"

"साऱ्या."

"तुम्ही दोघंच जण?"

"भूक लागली होती."

तो जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरूनही त्या दिवशी वास येत होता, ते त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं माझ्याकडून कबुली लिहून घेतली आणि ती जोडूनच मला दाखला लिहून दिला.

आयोगात कंपनीच्या वकिलानं ती कबुली हसत हसत वाचली. "म्हणजे बाईंनी तलावभर मासोळ्या एकटीनं संपवल्या?" मी म्हटलं, "हो, पचल्याही." समोर बसलेल्या आयोगाच्या मॅडमनं तोंडावर रुमाल धरला. पुढे बऱ्याच तारखा पडल्या, पण निकाल आमच्या बाजूनं लागला. पाणी आपली हद्द सोडून कोरड्या जमिनीवर आलं की तो पूर, मग ते नदीचं असो की तलावाचं. हे समजायला कंपनीला वकील लागला, मला नुसता कतला पुरला होता.

नव्या गाद्या आल्या. छतापर्यंत रचल्या. आणि पुढची लग्नसराई सुरू झाली तरी कुणी फिरकलं नाही. माझी कबुली गावात माझ्या आधी पोचली होती. ज्यांनी मासोळ्या खाल्ल्या तेच म्हणू लागले, "तिनं त सारा तलाव लुटला." मला मासोळीवाली म्हणू लागले. बिछायत आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावहून येऊ लागली. मी रडले. खरंच रडले, आणि या वेळी जेवलेही नाही.

माघात शेजारीण आली. पोरीचं लग्न जमलं होतं. गोरेगाववाला त्या तारखेला अडकला होता. ती गाद्यांकडे बघत दारातच उभी राहिली.

"गाद्या पायजेत, वहिनी. पण वास त नाही येऊन राहिला ना?"

"कायचा वास?"

"मासोळीचा."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी जीभ माहीत आहे. बोलायचं ते सगळं ओठांपर्यंत आलं होतं, मच्छरदाणीपासून बेसनापर्यंत. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी विचारलं, "किती लोक येऊन राहिले लग्नाले?"

"सारा गाव."

मी नवऱ्याला म्हटलं, "काढा मग साऱ्याच गाद्या."