दाराशी वरवंटा

आमच्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी नाना मुलांना हौसेने पेटी शिकवतात. माझ्या गॅलरीतून ते समोरच दिसतं, दाराशी बोललेलंही ऐकू येतं. सभागृहाचं दार वाऱ्याने आपोआप लागतं, म्हणून नानांनी तिथे एक जुना वरवंटा अडकवून ठेवलाय.

आज सगळ्यांच्या आधी एकटी सईच आली. तिला सोडून बाजारात निघालेली तिची आई म्हणाली, "नाना, केवढा गोंगाट येतोय बाहेरून! दार लावून घ्या की. तुम्ही काय, घरचेच."

"उघडंच बरं," नाना म्हणाले. "उद्या दुसरं कोणी शिकवायला येईल. तेव्हा बंद दार पोरीला खटकायला हवं."

आई कसनुसं हसली आणि गेली.

'घरचा' हा शब्द आपण किती पटकन देऊन टाकतो! गणपतीत चार खुर्च्या उचलल्या की माणूस घरचा. परक्याला आपण दारातच उभं करून नाव-गाव विचारतो. घरच्याच्या भरवशावर मात्र लेकरू, अंथरुणावरचे आजोबा, सगळं सोडून खुशाल निघतो. शब्द वाईट नाही. तो दिला की विचारणं थांबतं, एवढंच.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. वरवंटा घरंगळला, दार धाडकन लागलं आणि पेटी थांबली.

क्षणभराने दार उघडलं. सई दोन्ही हातांनी वरवंटा ढकलत जागेवर आणत होती. आत नाना 'सा' धरून तिची वाट पाहत होते.