रविवारी चार वाजता चक्की बंद

पिठाच्या चक्कीवर डबे कसे जमतात, पाहिलंय का कधी? एक जण येतो, डबा ठेवतो आणि चहा प्यायला निघून जातो. मग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळाने पाहावं तर भिंतीपर्यंत डब्यांची रांग आणि माणूस एकही नाही! किस्सेही असेच जमतात. माझ्या फोनमध्ये स्क्रीनशॉट इतके साचलेत की फोन रोज सांगतो, जागा संपली. मी काढून टाकायला बसते, एक वाचते, हसते आणि फोन बंद करते. म्हणून म्हटलं, एकदा सगळे सांगून टाकावेत.

चक्की आमच्या मोठेबाबांची, शहापूरला. तिच्यामागच्या खोलीत अनिकेतदादा, म्हणजे त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, चॅनल चालवतो. दर रविवारी चारला लाईव्ह. कधी सिनेमा, कधी राजकारण, कधी आपल्याकडची नाटकं, चित्रं, गाणी. दादा विषय मांडतो आणि लोक चॅटमध्ये भांडतात. तेवढा वेळ चक्की बंद, नाहीतर दादाचा आवाजच ऐकू येत नाही.

मोठेबाबा म्हणतात, "आठवडाभर लोक नंबरासाठी भांडते अन् रविवारी पिक्चरसाठी. मले काय फरक पडते!"

मी त्या चॅनलची मॉडरेटर. म्हणजे चॅटमध्ये कोणी शिव्या दिल्या, तर त्याला पाच मिनिटं गप्प बसवायचं. शाळेत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असतं, पण ते घशातच बसून राहतं. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू बोलत नाहीस, पण वाचतं सगळं. मॉडरेटरले अजून काय लागते?"

एकच अडचण होती. बाबा.

आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. बाबा फॅक्टरीत आहेत. माझं दहावीचं वर्ष लागलं त्या दिवशी आईचा जुना फोन माझ्या हातात देत ते म्हणाले, "हा अभ्यासासाठी आहे. त्या व्हिडिओवर रिकामटेकडे लोक भांडत राहतात, त्याइच्यात दिसली तं फोन कपाटात अन् किल्ली माझ्याजवळ!"

मी रविवारी शहापूरला गणितासाठी जाते, असं घरी माहीत होतं. ते खोटं नव्हतं. दादा आधी तासभर गणित घेतोच. पण नंतरचा तास सांगितलेला नव्हता. रविवारी दुपारी बाबा दार लावून झोपतात, त्यामुळे सायकल काढताना कोणी काही विचारत नसे. तरी दर वेळी वाटायचं, आज कळणार. फोन गेला तर जाऊ दे, पण मला बोलता येईल अशी ती एकच जागा होती.

*

पहिला किस्सा लाखांदूरचा. तिथलं एक अकाउंट आहे, डीजेवाल्याच्या नावाचं. त्या रविवारी एका नव्या सिनेमावर चर्चा होती. या अकाउंटवरून कमेंट आली, "एकदम भंगार पिक्चर."

थोड्या वेळाने त्याच अकाउंटवरून, "भंगार काहून? मले तं रडू आलं."

मग पुन्हा त्याच अकाउंटवरून, "तुले कांदा कापतानाही रडू येते."

"तुमच्यासोबत संसार करून राहिली, रडू नाही येणार तं काय?"

चॅटमधले सगळे चक्रावले. एकाने विचारलं, "भाऊ, तब्येत बरी आहे ना? स्वतःशीच भांडून राहिले तुम्ही!" माझ्या लक्षात आलं, घरात फोन एकच आहे आणि तो या हातातून त्या हातात जातोय. मी लिहिलं, "कृपया कमेंटखाली कोण बोलतंय ते लिहा."

मग त्या अकाउंटवरून आलं, "मी सासू. दोघांनीही पिक्चर पाहिला नाही. लाईन गेली होती!"

*

राजकारणावर बोलायचं म्हटलं की माझं बोट त्या गप्प बसवायच्या बटणावरून उठतच नसे. निवडणूक जवळ आली तसे लोक एकमेकांच्या सात पिढ्यांची आठवण काढू लागले. शेवटी दादाने नियम केला. ज्याला समोरच्या उमेदवाराविरुद्ध बोलायचं असेल, त्याने आधी त्याची एक चांगली गोष्ट सांगायची. मगच टीका.

त्या रविवारी लाईव्ह सुरू झालं आणि चॅट रिकामं! लोक होते, पण लिहीत कोणीच नव्हतं. दादा कॅमेऱ्याकडे पाहून हसत बसला. मोठेबाबा दारातून डोकावले, "नेट गेलं का रे?"

"नाही बाबा, लोक विचार करून राहिले."

"अरे बापरे!"

शेवटी एकाने धीर केला, "त्यांच्या सभेचा मंडप चांगला असतो."

समोरच्या बाजूने उत्तर आलं, "तुमच्यावाल्याच्या पोरीच्या लग्नात वांग्याची भाजी मस्त होती. मी दोनदा घेतली."

"तुम्ही होते का लग्नात? मी वाढत होतो!"

"मंग तो तूच का बे? माझ्या पानात बुंदी नाही टाकली तू!"

तिथून जी पंगत बसली, ती उठलीच नाही. शेवटी दोन्ही बाजूंचं एकमत झालं. भाजी उत्तम होती, पंगत उशिरा बसली. त्या दिवशी टीकेपर्यंत कोणी पोचलंच नाही, आणि माझं बोट प्रथमच मोकळं होतं.

*

एका रविवारी आमचे प्रेक्षक नेहमीपेक्षा खूपच जास्त होते. दादा खूश. विषय अवघड होता, सिनेमाने समाज बदलतो का. दादा रंगात येऊन बोलत होता. तेवढ्यात कमेंट आली, "माझं दळण झालं का?"

दादाने दुर्लक्ष केलं.

"ज्वारीचा डबा आहे. निळं झाकण."

दादा समाज बदलत राहिला.

"पोरगं उपाशी आहे, सांगा ना बाप्पा!"

शेवटी दादा थांबला, मागे वळून ओरडला, "बाबा, निळं झाकण झालं का?" आतून मोठेबाबा म्हणाले, "कधीचंच! चारच्या आधी सगळेच डबे झाले. सांग घेऊन जायले!"

दादाने कॅमेऱ्यात पाहून तसं सांगितलं. पुढच्याच क्षणाला आमचे प्रेक्षक निम्म्यावर आले!

*

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, गावोगाव नाटकं लागतात. दादाने एका नाटकाचा तुकडा दाखवला. त्यातली आई मरताना एवढ्या मोठ्याने बोलते की आमच्या खोलीतला पत्रा थरथरला. पुण्याच्या एका प्रेक्षकाने लिहिलं, "मरणारी व्यक्ती एवढ्या मोठ्याने बोलेल का? याला अभिनय म्हणायचं का?"

झालं! आमचे सगळे एकदम तुटून पडले. "तुमच्याकडे लोक मरतानाही हळू बोलतात का?" इथपर्यंत मजल गेली. मी दोघांना गप्प बसवलं. तिसऱ्यावर बोट ठेवणार, एवढ्यात एका बाईंची कमेंट आली.

"नमस्कार. ती आई मीच आहे. साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, मरताना इतकं मोठ्याने कोणी बोलत नाही. पण आमच्याकडे माईक वरून लटकतात. मी जिथे मरते तिथे माईक नाही. म्हणून जोरात मरावं लागते."

पुण्याच्या प्रेक्षकाने विचारलं, "मग माईकखाली का नाही मरत?"

"तिथे आधीच हिरोचा बाप मेलेला असते."

पुढच्या रविवारी तो माणूस सगळ्यांच्या आधी हजर होता. त्याने विचारलं, "पुढचा प्रयोग कुठे आहे? पुण्याहून कोणती गाडी?"

*

आता 'साधा प्रेक्षक' यांच्याबद्दल सांगायला हवं. हे आमच्या चॅटमधले सगळ्यात नेमके गृहस्थ. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. कमेंटची सुरुवात "सर्वांना जयभीम, नमस्कार" अशी. मग मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. शेवटी "आपला, साधा प्रेक्षक". घाईतसुद्धा एक वेलांटी चुकायची नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यासारखं लिहायला शिकत होते.

एकदा विषय होता, मोबाईलवर नाटक पाहिलं तर ते नाटक पाहणं झालं का? एका मुलाने लिहिलं, "मंडपात पाहा नाहीतर फोनवर, सारखंच." साधा प्रेक्षक यांनी तीन मुद्दे अगदी शांतपणे मांडले. आणि मग, "मुद्दा क्रमांक चार. असं म्हणणाऱ्याची बुद्धी बैलाची आहे."

माझा हात थांबला. एवढ्या मोठ्या माणसाला गप्प बसवायचं? दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मॉडरेटर तू आहेस. मले कायले पाहतं?"

मी डोळे मिटून बटण दाबलं.

पाच मिनिटं संपली आणि उत्तर आलं. "मॉडरेटर साहेब, शिक्षा मान्य. नियम तो नियम. बैल हा शब्द मागे घेतो. आमच्या शंकरपटात शर्यतीला धावणारे बैल यापेक्षा हुशार असतात. आपला, साधा प्रेक्षक."

दादा ओरडला, "अजून पाच मिनिट दे त्याइले!" पण मी दिली नाहीत. मी हसत होते. साहेब! मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हटलं होतं.

*

मागच्या महिन्यात दादाचा घसा बसला. बोलायला गेला की चक्कीचा पट्टा घासावा तसा आवाज येई. विषय पुन्हा नाटकांचाच. लोक जमलेले, लाईव्ह सुरू झालेलं. दादा दोन वाक्यं कशीबशी बोलला, मग खोकला. आणि कॅमेऱ्यासमोरच माझ्याकडे वळून म्हणाला, "श्रावस्ती, साधा प्रेक्षक यांचा प्रश्न वाचून दाखव."

माझं नाव! सगळ्यांच्या देखत! जवाहरनगरच्या क्वार्टरमधली निम्मी पोरं हे चॅनल पाहतात. एकाने जरी घरी सांगितलं, तरी संध्याकाळपर्यंत बाबांना कळणार. मी मान हलवून नाही म्हटलं. दादा खोकतच राहिला. चॅटमध्ये येऊ लागलं, "कोण आहे?" "आवाज का बंद?"

मी वाचायला लागले. पहिली ओळ मलाच ऐकू आली नाही.

"मोठ्यानं बोल, पोरी. ऐकून राहिलो आम्ही. मी सासू," लाखांदूरहून आलं.

लगेच त्या नाटकातल्या आईंचं, "माईकखाली ये, बाळ."

मी खुर्ची पुढे ओढली. आणि वाचलं, "मुद्दा क्रमांक एक. नाटकातली माणसं मोठ्याने बोलतात म्हणून आपण हसतो. मुद्दा क्रमांक दोन. पण आपल्याच घरातल्या किती माणसांचा आवाज आपण नीट ऐकलेला असतो?"

आवाज माझाच होता, तरी अनोळखी वाटला. शेवटच्या शब्दापर्यंत तो टिकला. चॅट टाळ्यांच्या चित्रांनी भरून गेलं. साधा प्रेक्षक नेहमी तीन मुद्दे तरी मांडतात. त्या दिवशी मी तिसऱ्या मुद्द्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही.

सायकलवरून घरी येताना मी सगळी उत्तरं तयार केली. चुकलं. पुन्हा नाही. परीक्षेनंतर. फोन बॅगेतून काढून हातातच धरला, म्हणजे मागितल्यावर लगेच देता येईल.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. समोर चहा. त्यावर साय धरली होती.

"गणित झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् नंतर?"

मी फोन पुढे केला. बाबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोन घेतला नाही. आतून आई म्हणाली, "चहा थंडा झाला नं तुमचा. कवाचे बसून राहिले तसेच!"

बाबांनी साय बाजूला केली, एका घोटात चहा संपवला आणि उठले. जाताना म्हणाले, "पहिली ओळ ऐकू नाही आली. सुरुवातीपासूनच माईकजवळ बसत जा."

ते दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे न वळता म्हणाले,

"अन् त्या बैलाच्या दिवशी पाच मिनिट जास्त झाले. दोन पुरे होते."